पोपटी शर्टाचा मुराळी

आमच्या गावच्या, सासरी नांदणाऱ्या लेकींना एका रंगाची धास्ती आहे. पोपटी. साडीच्या दुकानात पोपटी काठाचं काही पुढं आलं की आम्ही ते हातानं बाजूला सारतो. दुकानदार म्हणतो, ताई, हा रंग तुमच्यावर खुलेल. बरोबरची नणंद म्हणते, घे की गं. आणि आम्ही काहीतरी फुसकं कारण सांगून निळ्याकडं वळतो. खरं कारण सांगायचं तर काशिनाथ तात्यांपासून सुरुवात करावी लागेल, आणि दुकानात तेवढा दम कुणाला असतो? म्हणून ते इथं सांगत बसले आहे.

तात्या आमचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. गाव तुळजापूर तालुक्यातलं, अणदूरपासून जरा आत. तात्यांचा धंदा दुधाचा. पहाटे फटफटीच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवायचे, वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि अणदूरला डेअरीत घालायचं. मोटारसायकल मोजक्याच घरी असायची त्या काळातली ती काळी फटफटी. सुरू करण्याआधी तात्या तिच्याशी दोन शब्द बोलत, मग किक मारत. बोलण्याचा तिच्यावर काही परिणाम झाल्याचं मला कधी दिसलं नाही, पण तात्यांनी बोलणं सोडलं नाही.

माणूस उंच, हडकुळा, कानाच्या पाळ्या लांब. पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप. फटफटी घ्यायच्या आधी तात्या सायकलवरून दूध घालत, तेव्हा चेनमध्ये पँट अडकू नये म्हणून ती लावायचे. फटफटीवर तिचा काही उपयोग नव्हता, पण ती नसली की पाय उघडा पडल्यासारखा वाटतो म्हणत. थंडीत स्वेटर उलटा घालायचे, म्हणजे पाठ पुढं आणि बटणं मागं. "वारं छातीला लागतंय, पाठीला न्हाय," असा त्यांचा हिशेब. "मग फट पाठीकडंच बरी." आता ही बटणं स्वतःच्या हातानं लागत नाहीत. म्हणून थंडीत रोज पहाटे गोदाकाकू चुलीपुढून उठून अंगणात यायच्या, आणि तात्या शाळेला निघालेल्या पोरासारखे त्यांच्याकडं पाठ करून उभे राहायचे. काकू एकेक बटण लावायच्या आणि शेवटचं लावलं की पाठीवर एक चापट मारायच्या. चापट म्हणजे आता निघा. भिंतीपलीकडं आम्ही त्या चापटीवर उठायचो.

त्यांना एकच लेक, सुरेखा. माझ्याहून बरीच लहान. फटफटीच्या टाकीवर बसून, बापाचा टॉवेल डोक्याला गुंडाळून ती वस्त्यांवर फिरायची. गाडीला हात लावू देत नाहीत म्हणून बापाशी भांडणारी गावातली ती पहिली मुलगी असावी.

दूध घालून आले की तात्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसत आणि हमरस्त्यानं जाणारी माणसं वाचत. गाडीवरच्या माणसाचं तोंड बघायचं नसतं, कापडं बघायची, असं त्यांचं म्हणणं. तोंड वाऱ्यानं सगळ्यांचं सारखंच होतं. नव्या शर्टाच्या घड्या मोडलेल्या नाहीत, कॉलरला रुमाल, मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं पिशवी मांडीवर जपून धरलेली, म्हणजे हा पोरगी बघायला निघाला. एका गाडीवर तिघं, आणि मधल्याच्या अंगावर भर उन्हात चादर, म्हणजे दवाखाना. हेल्मेटवाला हमरस्ता सोडून गावाकडं वळला की तो वायर कापायला आलेला लाइटवाला. तात्यांनी स्वतः हेल्मेट कधी घातलं नाही ते त्यामुळंच. वस्तीवरच्या बाया दार लावून घेतील म्हणत. हातमोजे, गुडघ्याला ढाली, डोक्यावर कॅमेरा असा कुणी जाड टायरच्या गाडीवरून गेला की तात्या सांगत, हा पुण्याचा, ह्याला कुठं जायचं नाही, नुसता फिरायलाय. कॉलेजच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात, त्यावरही त्यांचं मत होतं. अर्धा स्कार्फ उन्हासाठी आणि अर्धा चुलत्यासाठी.

आणि पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, दोन-तीन गाड्या एकामागं एक, कुणी कुणाशी बोलत नाही, हे मातीला निघालेले. अशा गाड्या दिसल्या की तात्या हातातला कप खाली ठेवत आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत उचलत नसत. एकदा अशाच एका टॉवेलवाल्याला बघून त्यांनी कप ठेवला, तर तो गडी गाडी थांबवून विचारतो, मंगल कार्यालय कुठंशी आलं हो? टॉवेल सकाळच्या लग्नात आहेर मिळालेला, आणि स्वारी दुपारच्या लग्नाला निघालेली. टपरीवरची माणसं हसून हसून लोळली. तात्याही हसले. मग कप उचलून म्हणाले, "चुकलो ते बरंच झालं की."

आता त्या शर्टाचं. आमच्याकडं सासरच्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. पंचमीला, दिवाळीला भाऊ मुराळी होऊन येतो आणि ती त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसते. पण माहेरी कुणी वारलं की भावाला घर सोडता येत नाही. आणि लेक आल्याशिवाय उचलायचं नाही, तिला शेवटचं तोंड दिसलं पाहिजे, ही रीत. घरोघर फोन आले तरी ही बातमी लेकीला फोनवर सांगत नसत. कुणीतरी जायचं, आजारी आहेत म्हणायचं आणि घेऊन यायचं. आमच्या गावात हे काम तात्यांकडं आलं, कारण फटफटी त्यांच्याकडं होती आणि नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

पहिल्या खेपेला ते शेवंताला आणायला गेले. तिचे वडील पहाटे गेलेले. तात्या तिथूनच, होते तसे निघाले. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, डोकं उघडं. शेवंता रानात तूर कापत होती. बांधाशी फटफटी थांबली आणि तिनं ते कपडे बघितले. तात्यांनी तोंड उघडायच्या आत तिला सगळं कळलं होतं. तिला कशीबशी मागं बसवली, पण वाटेत एका वळणावर तिची शुद्ध हरपली आणि ती गाडीवरून घसरून पडली. हात मोडला. दवाखाना करून गावात पोचेपर्यंत दिवस मावळला. लोक वाट बघून बघून थकले होते आणि अग्नी देऊन झाला होता. शेवंताला बापाचं तोंड दिसलं नाही. तिनं तात्यांना कधी बोल लावला नाही, पण तात्यांनी स्वतःला लावून घेतला. काकूंना म्हणाले, "माज्या कापडानं घात केला."

मेव्हण्याच्या लग्नात आहेर आलेला एक पोपटी शर्ट काकूंनी पेटीच्या तळाशी टाकून दिला होता. पोपटी म्हणजे किती, तर तो घालून माणूस हिरव्या रानात उभा राहिला तरी रान फिकं दिसावं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकायला बरा आहे, असं काकू म्हणायच्या. पुढच्या खेपेला तात्यांनी तोच बाहेर काढला. असला शर्ट घालून मरणाचा सांगावा कोण आणेल? हा त्यांचा विचार होता आणि तो बरोबर निघाला.

मग त्यांची एक पद्धतच ठरून गेली. कॅन उतरवायचे, मागच्या सीटवर वाकळ घडी करून बांधायची आणि निघायचं. लेकीच्या सासरी ओसरीवर ऐसपैस बसायचं आणि आपण होऊन चहा मागायचा. खरं तर असा सांगावा घेऊन जाणाऱ्यानं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. पण चहा नको म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या लगेच ओळखतात. म्हणून तात्या बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश चहा प्यायचे. गुळाचा आहे का विचारायचे, म्हशीची चौकशी करायचे, आणि मग सहज आठवल्यासारखं सांगायचे की वडलांना जरा बरं नाही, तुझी आठवण काढायलेत, दोन दिवस चल. वाटेतही तोंड बंद नाही. पीक, पाऊस, कुणाची म्हैस व्याली. गावाच्या वेशीजवळ मारुतीचं देऊळ आहे. तिथं फटफटी बंद करायची, उतरायचं आणि म्हणायचं, "माय, आता खरं सांगतो." तिला तिथं हवं तेवढं रडू द्यायचं. वेशीपासून घरापर्यंत ते गाडीवर बसायचे नाहीत, फटफटी हातानं ढकलत तिच्या बाजूनं चालायचे. मोठ्यानं रडणारी लेक, शेजारी पोपटी शर्ट आणि बंद फटफटी, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्यानंतर दोन-तीन दिवस तात्या चहाला शिवायचे नाहीत. काकू म्हणायच्या, खोटा चहा पिऊन येतेत, मग तो असा फेडतेत.

पण लेकी काय दुधखुळ्या असतात? एकीचं दुसरीला कळतं, दुसरीचं तिसरीला. मुराळी बनून तात्या यायला लागले त्याला काही वर्षं लोटली आणि पोपटी शर्ट चार तालुक्यांत नांदणाऱ्या आमच्या सगळ्या लेकींना पाठ झाला. पांढऱ्या शर्टाचं काम आता पोपटी शर्ट करायला लागला. हे सगळ्यांच्या आधी आम्हा मुलींना कळलं आणि सगळ्यांच्या शेवटी तात्यांना. त्यांना ते कळलं सिंधूच्या पंचमीला.

सिंधूचा भाऊ तापानं पडला होता, म्हणून तिच्या आईनं तात्यांना विचारलं, पंचमीला तेवढं सिंधूला आणाल का? तात्यांना कोण आनंद. गौरी-गणपतीच्या खरेदीला निघावं तसे ते नटले. काकूंनी धुतलेला पांढरा शर्ट पुढं केला, तर म्हणाले, नको, ह्या पोपट्यालाबी एकदा चांगल्या कामाला नेऊ दे, त्यानं काय पाप केलंय. काकू नको नको म्हणत असताना ते तो घालून गेले. सिंधू माळवदावर धुणं वाळत घालत होती. तिनं लांबूनच तो रंग बघितला आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून घरातल्या बाया धावत बाहेर आल्या. काय झालंय हे विचारायच्या भानगडीत न पडता सासूनंही छाती बडवायला सुरुवात केली. तात्या दारात, एक पाय जमिनीवर, गाडीचं स्टँड सापडेना. "पंचमी हाय... पंचमीला न्यायला आलोय," एवढंच म्हणत राहिले. सगळी खुशाल आहेत असं त्यांनी शपथेवर सांगितलं. पण ते नेहमी तेच सांगायचे. म्हणून कुणी विश्वास ठेवायला तयार होईना. शेवटी सिंधूनं फोन लावून आईचा आवाज ऐकला, भावाचा ऐकला, घरातल्या सगळ्यांचा एकेक करून ऐकला. तरी गावात येईपर्यंत ती मागं बसून रडतच होती, आणि वेशीजवळ देऊळ आलं तेव्हा गाडी न थांबवता तात्यांनी सरळ घरापर्यंत नेली.

त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझ्या वडलांनी सुचवलं, रंग बदला की, दुसरा घ्या, निळा घ्या. तात्यांनी अंगातल्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, "निळा घेतला तर उद्याच्याला निळाबी नासंल. कितीक रंग नासवू पोरींचे?"

त्यांनी शर्ट बदलला नाही. फक्त त्या एका कामाशिवाय तो अंगाला लावला नाही. दाराजवळच्या खुंटीला असायचा आणि त्या खुंटीकडं घरात कुणी बघत नसे. पुढं सुरेखाचं लग्न झालं, येरमाळ्याच्या पुढं, कळंबच्या अलीकडं. पाठवणीच्या वेळी बापाच्या गळ्यात पडून ती काय बोलली ते मी अगदी शेजारी होते म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "तात्या, मला न्यायला ह्यो शर्ट घालून कवा येऊ नका." तात्यांनी मान हलवली. हसायचा प्रयत्न करत होते, जमलं नाही.

मीही त्याच वाटेवर, येरमाळ्यात दिलेली. तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका सकाळी वर्गात फळ्यावर लिहीत होते, आणि खिडकीतून शाळेच्या फाटकाशी पोपटी रंग दिसला. खडू हातात तसाच राहिला. आईला दोन वर्षांपासून दम्याचा त्रास होता. तात्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले, चहा मागितला, बशीत ओतून प्यायले. मग मला म्हणाले, "आईला जरा बरं न्हाय, माय. चलतीस का दोन दिस?"

मी म्हणाले, बरं.

नव्वदेक किलोमीटरची वाट. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते बोलत राहिले आणि मी हूं हूं करत राहिले. येडशीजवळ त्यांनी रामलिंगच्या माकडांची एक लांबलचक गोष्ट सांगितली. एका माकडानं त्यांच्या डोक्याचा टॉवेल पळवून स्वतःच्या डोक्याला कसा गुंडाळला, आणि मग गाडी कोण चालवणार यावर दोघांचं कसं भांडण झालं. मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकून ऐकत होते. शर्ट ओला झाला होता. तुळजापूर मागं पडलं तसा त्यांचा आवाज बसायला लागला, पण गोष्टी थांबल्या नाहीत. वेशीजवळ त्यांनी फटफटी बंद केली, उतरले आणि "माय" एवढं म्हणून अडले. मी म्हणाले, "माहिताय, तात्या."

"म्हायती असून एवढ्या लांब गप बसलीस?"

"तुम्ही बोलत होता म्हणून बसले."

त्यांनी तोंड फिरवलं. मग खाली वाकून बराच वेळ पायाची क्लिप नीट करत राहिले. आम्ही चालत घरी गेलो. मला आईचं तोंड दिसलं. तिच्या कपाळावरचं कुंकू जरा एका बाजूला सरकलं होतं, ते मी माझ्या हातानं नीट केलं. हे मला करता आलं ते तात्यांमुळं. त्याची परतफेड कशी करतात ते मला अजून कळलेलं नाही.

तो शर्ट पुढून पोपटीच राहिला आणि पाठीवर फिकट पडत गेला. काकू म्हणायच्या, लेकींनी रडून रडून रंग घालवला. मला वाटतं, फटफटीवरच्या माणसाच्या पाठीला ऊनच जास्त लागत असेल. पण हे मी आमच्या गावात बोलून दाखवलेलं नाही.

मग गोदाकाकू गेल्या. दुपारी पाणी भरता भरता छातीत कळ आली आणि खेळ संपला. मी त्या वेळी माहेरी होते, वडलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. तात्यांनी काकूंचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं, उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढला. तो हातात घेऊन दारात उभे राहिले. सुरेखाला दिलेला शब्द त्यांना आठवला असावा. तेवढ्यात जाणती माणसं आडवी आली. धनी उठून निघाला तर तिच्याजवळ कोण बसणार? हेही रीतीला धरूनच होतं. त्यांना धरून खाली बसवलं. शर्ट मांडीवर घेऊन ते बसून राहिले, आणि सुरेखाला आणायला पुतण्याला जीप घेऊन पाठवलं.

जीप तुळजापुरात पोचायच्या आधीच भावकीतल्या कुणीतरी काकूंचा फोटो मोबाइलवर स्टेटसला लावला होता. फुलांची चौकट, खाली दोन हात जोडलेले. सुरेखा कळंबच्या बाजारात भाजी घेत होती. नवऱ्याला फोन करायला मोबाइल काढला आणि तिला आई दिसली. भाजीची पिशवी तिथंच टाकून ती स्कूटीवर बसली आणि एकटी निघाली. वाटेत धाराशिवच्या आसपास जीप तिच्या समोरून निघून गेली. स्कार्फ बांधलेली बाई पुतण्यानं ओळखली नाही. सुरेखा दारात आली तेव्हा तो स्कार्फ तसाच होता, डोळ्यांखाली तोंडाला चिकटलेला, चिंब. आत येऊनही तिला तो सोडायचं सुचलं नाही. मी सोडला. तात्या शर्ट मांडीवर धरून तिच्याकडं बघत होते.

तेराव्याला, सगळे पांगल्यावर, ती त्यांच्याजवळ बसली. रागावली नव्हती, ते मला जास्त लागलं. म्हणाली, "त्या शर्टाला म्या जलमभर भ्याले तात्या. पर त्यो आला असता तर बरं झालं असतं. साऱ्या गावाच्या लेकी तुमी आणल्या. मला कुणी आणलंच न्हाय."

त्यानंतर दुधाचा धंदा तात्यांनी सोडला. फाट्यावर बसायचे, पण रस्त्याकडं पाठ करून. मुराळी म्हणून त्यांना बोलवायलाही हळूहळू कुणी येईना. घरोघर गाड्या झाल्या, आणि माणसाच्या आधी फोटो पोचायला लागला. थंडीत स्वेटर अजून उलटाच घालायचे, मागची बटणं उघडी. मी माहेरी गेले की ते दिसायचं आणि मी काही बोलायची नाही.

तात्या गेल्याला आता वर्ष होत आलं. मातीला मी गेले होते, पण माझ्या डोळ्यांपुढं ते शेवटचे उभे राहतात ते तिथले नाहीत. ते येरमाळ्याच्या फाट्यावरचे.

थंडीचे दिवस, शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी भाजी घेऊन बसथांब्यापाशी उभी होते, आणि कळंबच्या रस्त्यानं पोपटी रंग आला. वडील माझ्या मनात आले, भाऊ आला, भावाची पोरं आली. पिशवी छातीशी धरून मी तिथल्या कट्ट्यावर बसले. मग दिसलं की ती फटफटी नव्हती, स्कूटी होती. स्कार्फ, हातमोजे घालून सुरेखा चालवत होती आणि तात्या मागं बसले होते. मला बघून त्यांनी लांबूनच हात वर केला.

"भिऊ नको माय, सगळी खुशाल हायेत," जवळ येऊन ते म्हणाले. मी सिंधूसारखीच त्यांच्याकडं बघत राहिले. ते ओळखून म्हणाले, "खरंच सांगायलोय."

"मग शर्ट कुणासाठी?"

"माज्याचसाठी. सोलापूरच्या डॉक्टरनं घरी जावा म्हणून सांगितलंय. म्हणलं, दुसरं कोण गेलं तर पुन्ना चुकंल. हिला आणायला ह्या बारीला म्याच जातो, आदीच."

पोट फुगलेलं होतं, पाय सुजलेले. तशात ते आदल्या दिवशी एकटे फटफटीवरून लेकीच्या सासरी गेले होते. सुरेखानं स्कार्फ खाली ओढून मला सांगितलं, दारात शर्ट बघितला आणि ती उंबऱ्यावरच बसली, विचारलं कोण गेलं? तर म्हणाले, अजून कोण न्हाय, चल. जावयानं जीप सांगितली होती, ती त्यांनी परत पाठवली. लेक गाडीवरच न्यायची म्हणाले. त्यांना गाडी चालवू द्यायला मात्र सुरेखा तयार झाली नाही. फटफटी तिच्या सासरी राहिली.

मी चहा घेता का विचारलं. विचारताना मला जरा भीतीच वाटली.

"घेतो की," तात्या म्हणाले. "आज काय खोटं बोलायचं न्हाय."

बशीत ओतून, फुंकर मारत प्यायले. गुळाचा आहे का, हेही विचारलं. निघताना सुरेखा म्हणाली, वारं लई हाय, नीट झाकून घ्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शर्ट त्यांनी उलटा घातला होता, बटणं पाठीवर. पोट फुगल्यामुळं ती लागतच नव्हती. तात्या माझ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि नुसते थांबले. मी मानेजवळचं वरचं एक बटण लावलं. खालची एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. ते तरीही थांबलेलेच होते. मग मला उमगलं आणि मी त्यांच्या पाठीवर हलकीशी चापट मारली. तेव्हा ते जाऊन स्कूटीवर बसले.

"तात्या, घट्ट धरा," सुरेखा म्हणाली. आम्हा सगळ्यांना मागं बसवून ते हेच म्हणायचे. त्यांनी तिचा खांदा धरला.

ती दोघं येडशीच्या रस्त्याला लागली. पोपटी शर्टाच्या दोन्ही बाजू वाऱ्यानं उडत होत्या आणि मध्ये बनियनमधली त्यांची हडकुळी पाठ दिसत होती. वळणापर्यंत मी बघत होते. तात्या लेकीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते, एक हात हवेत हलवून. बहुतेक माकडाची गोष्ट असेल. किंवा दुसरं काही. खरं सांगायला ह्या खेपेला त्यांना वेशीपर्यंत थांबायचं नव्हतं.